मालक, विद्यार्थ्यांना आता पट्टीही दाखवा

प्रति,
महाराष्ट्रातील समस्त शेतमाल निर्यातदार,
नाशिक, सांगली, सोलापूर, जळगाव, रत्नागिरी आणि जिथे जिथे पॅकहाऊस उभं आहे तिथे.



डिसेंबर सरत आला की कृषी महाविद्यालयांची पत्रं तुमच्या टेबलावर येऊन पडतात. ‘आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस आपल्या नामांकित संस्थेत कार्यानुभवाची संधी मिळावी ही विनंती.’ तुम्ही पत्रावर शेरा मारता, मुलं येतात, हंगामभर राबतात आणि एप्रिलमध्ये तुमच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र घेऊन जातात. आंतरराष्ट्रीय कृषी व्यापाराचं प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचं त्यावर छापलेलं असतं. महाविद्यालयाचं पत्र आणि तुमचं प्रमाणपत्र यांच्या मधल्या काळात त्या मुलांना व्यापार किती दिसतो, याविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मीही याच वाटेने आले. नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे इंटर्न होते, आता दुसऱ्या फर्ममध्ये निर्यातीची कागदपत्रं बघते. दर हंगामात नवी मुलं शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतात आणि मी विचारायचे तेच प्रश्न मला विचारतात. नाव लिहीत नाही. नोकरी टिकवायची आहे, आणि रोख कुणा एकावर नाही.

आधी तुमची बाजू. हा धंदा सोपा नाही हे माझ्या खुर्चीवरून रोज दिसतं. माल बागेत असेपर्यंत अवकाळीची धास्ती, समुद्रात गेला की जहाजाची. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझमार्गे जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांत रॉटरडॅमला लागणारा माल आणखी दहा-पंधरा दिवस पाण्यावर राहिला. द्राक्षाचा देठ तेवढ्यात तपकिरी पडतो. भाडं चढतं, मालाची प्रत उतरते आणि समोरचा खरेदीदार पैसे देतो ते माल विकल्यावर. एवढं डोक्यावर असताना पोरांना शिकवत बसायला वेळ कुणाला, असं तुम्ही म्हणाल. ते मला पटतं. वेळ मिळत नाही ही माझी मुख्य तक्रार नाहीच.

सुरुवात कामापासून करू. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. त्या काळात पॅकहाऊसमध्ये माणूसबळ कमी पडतं आणि नेमकी तेव्हाच मुलं येतात. मग त्यांना दिलं जातं ते काम असं: पॅलेटवरची खोकी मोजा, पनेटवर लेबल नीट लागलंय का बघा, मजूर बायकांची हजेरी घ्या, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर प्लॉटचे क्रमांक भरा. यातलं कुठलंच काम हलकं नाही. पॅकिंगच्या टेबलावर उभं राहिल्याशिवाय ‘जम्बो’ आणि साध्या मालातला फरक कळत नाही, हे मला मान्य आहे. अठरा मिलिमीटरचा मणी रिंगमधून जातो की अडतो हे बोटांनाच शिकावं लागतं. पण एखाद्या आठवड्यात शिकून होणारी गोष्ट हंगाम संपेपर्यंत करायला लावली की ते शिक्षण उरत नाही. ती मजुरी होते, आणि मजुराला निदान हजेरी मिळते.

ग्रेपनेटचंच बघा. मुलं रात्री उशिरापर्यंत त्यात आकडे भरतात. प्लॉट नोंदणी, फवारणीची नोंद, नमुन्याचा अहवाल, पॅलेटचा क्रमांक. आकडे का भरायचे हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. २००३ साली कीडनाशकांच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली आणि त्यातून ही सगळी तपासणीची व्यवस्था उभी राहिली. २०१० साली पुन्हा फटका बसला. वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या सीसीसीचे अंश सापडले आणि आपले कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. ते रसायन तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. किती बागायतदार त्या वर्षी कर्जात गेले हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. ज्या कीडनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट असते, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. शेजारच्या टोमॅटोवरचं औषध वाऱ्याने बागेवर आलं तरी नमुना नापास होऊ शकतो. हे एकदा सांगितलं की त्या कंटाळवाण्या रकान्यांकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात. सांगायला एक चहा पुरतो.

मानधनाबद्दल फार लिहीत नाही. काही जण देतात, काही जण देत नाहीत, आणि काही जण खोलीचं भाडं कापून देतात. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरवले. शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही, त्यामुळे आमची मुलं त्यातून सुटतात. परभणी-अकोल्याकडून आलेल्या मुलाला पिंपळगाव किंवा दिंडोरीत चार महिने राहायचं, खायचं म्हणजे घरून पैसे मागवावे लागतात. घर म्हणजे कापूस-सोयाबीनवाला बाप. एवढं लक्षात ठेवून काय ते ठरवा.

मुलींचा विषय मात्र असा दोन ओळींत आटपणार नाही. ‘आमच्याकडे रात्रीचं लोडिंग असतं, मुली नकोत’ हे वाक्य मी एकापेक्षा अधिक दारांत ऐकलंय. महाविद्यालयंही ते निमूट ऐकतात आणि मुलींना माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवून मोकळी होतात. गंमत अशी की त्याच पॅकहाऊसमध्ये टेबलाशी उभ्या राहून कात्रीने घड साफ करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच असतात, आणि गाड्या अडल्या की त्याही रात्री उशिरापर्यंत थांबतात. म्हणजे रात्र मजुरीला चालते, शिक्षणाला चालत नाही. कंटेनरमध्ये पॅलेट चढतात त्या वेळी तिथे असणं ही या धंद्यातली फार मोठी शिकवण आहे. मालाच्या आतलं तापमान किती, गाडी आधीच थंड करून ठेवली होती का, दार किती वेळ उघडं राहिलं, पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका तासात असतं. मुलींना तिथून दूर ठेवू नका. लोडिंग संपल्यावर त्यांना खोलीवर सोडायला एक गाडी ठेवा आणि स्वच्छतागृहाला कडी लावून द्या. त्याने मजूर बायकांचीही सोय होईल.

आता मुख्य गोष्ट. ज्याला तुम्ही व्यापार म्हणता तो पॅकहाऊसच्या माडीवरच्या काचेच्या खोलीत होतो, आणि त्या खोलीत विद्यार्थ्याला प्रवेश नाही.

त्या खोलीत काय असतं? खरेदीदाराशी ठरलेले सौदे असतात. एफओबीने विकलं तर जोखीम कुठे संपते, सीआयएफने विकलं तर भाडं आणि विमा कुणाच्या गळ्यात पडतो, कमिशनवर पाठवला तर काय, किमान हमी भावाने पाठवला तर काय. पुस्तकात या सगळ्यांच्या व्याख्या आहेत आणि परीक्षेत मुलं त्या घडाघड लिहितात. पण ज्याचा माल परदेशात विकल्यावर भाव ठरतो, त्याला शेवटी हातात काय उरतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. ते असतं युरोपहून येणाऱ्या पट्टीत. बाजार समितीतल्या आडत्याची पट्टी आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही वाचता येते: हमाली, तोलाई, मापाई वजा जाता एवढे. रॉटरडॅमची पट्टी मात्र कृषी पदवीधरालाही कुणी दाखवत नाही.

एक छोटं उदाहरण देते. टेबलावर काम करताना मुलांच्या लक्षात येतं की पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये पाचशेच्या वर थोडा माल भरला जातो. प्रवासात पाणी उडतं, वजन घटतं, तिकडे पोहोचेपर्यंत पाचशेला कमी पडू नये म्हणून. हे योग्यच आहे. समजा पनेटमागे दहा ग्रॅम जास्त गेले. तेरा टनांच्या कंटेनरमध्ये सव्वीस हजार पनेट, म्हणजे दोनशे साठ किलो द्राक्षं अशी जातात ज्यांचं बिल खरेदीदाराला लागत नाही. गेल्या हंगामात माझ्या शेजारच्या मुलाने विचारलं, ‘मॅडम, हे दोनशे साठ किलो कुणाच्या खात्यात?’ मी त्याला हिशेब विभागात पाठवलं. तिथून तो परत आला तो ‘तू तुझं काम कर’ हे उत्तर घेऊन. उत्तर चार ओळींचं होतं. बागेवर वजन करून घेतला असेल तर निर्यातदाराच्या खात्यात, पॅकिंगनंतरच्या वजनावर पैसे द्यायचे असतील तर शेतकऱ्याच्या. एवढं सांगितलं असतं तर त्या पोराला करार कसा वाचायचा हे आयुष्यभरासाठी कळलं असतं.

दुसरी गोष्ट क्लेमची. माल पोहोचल्यावर तिकडचा तपासनीस खोकी उघडतो, फोटो काढतो, अहवाल पाठवतो: देठ सुकले, मणी फुटले, गंधकाच्या पॅडमुळे मणी पांढरे पडले, कूज आली. त्यावर भाव पाडला जातो. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र ठेवलेलं असतं, त्याचा आलेख नंतर आपल्याकडेही येतो. मधल्या बंदरात दुसऱ्या जहाजावर चढवताना तापमान वाढलेलं दिसलं तर दावा जहाज कंपनीवर किंवा विम्यावर. रेष सरळ असेल तर दोष पॅकहाऊसचा किंवा बागेचा. म्हणजे एका कागदावरची एक रेष कुणाच्या खिशातून पैसे जायचे ते ठरवते. या धंद्यातलं यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मला तरी माहीत नाही. आणि मी तो आलेख पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर. इंटर्न होते तेव्हा असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही हे का दाखवत नाही याचं कारण उघड बोललं जात नाही, म्हणून मीच बोलते. यातली बरीच मुलं बागायतदारांची आहेत. निफाडची, चांदवडची, तासगावची. पट्टी पाहिली तर गावात जाऊन सांगतील, आणि मग पुढच्या वर्षी बागेवर भाव ठरवताना जड जाईल, ही भीती आहे. खरेदीदाराचं नाव बाहेर जाईल ही दुसरी. दुसऱ्या भीतीत तथ्य आहे. नावं झाका, हरकत नाही. पहिलीबद्दल मात्र पुन्हा विचार करा.

कारण आज गावात जे बोललं जातं ते पट्टीपेक्षा वाईट आहे. कुणाचा तरी भाचा लंडनला किंवा हॉलंडला असतो, तो सुपरमार्केटमधल्या पनेटचा फोटो पाठवतो. पाचशे ग्रॅमला दोन युरो. गावातल्या ग्रुपवर लगेच गुणाकार होतो: किलोला चार युरो म्हणजे साडेतीनशेच्या पुढे, आणि आपल्याला बागेवर दिले ऐंशी! मधले दोनशे सत्तर शेठने खाल्ले, हा निकाल त्याच संध्याकाळी लागतो. पॅकिंग, प्रीकूलिंग, न्हावा शेवापर्यंतची गाडी, जहाजाचं भाडं, तिकडचं शुल्क, आयातदाराचं कमिशन, फेरपॅकिंग, सुपरमार्केटचा नफा, फेकून दिलेला माल, हे त्या ग्रुपवर सांगणारं कुणी नसतं. सांगू शकेल असं एकच माणूस गावात असतं: तुमच्याकडे हंगामभर राबून आलेलं पोर. पण त्याला तुम्ही पॅलेट मोजायला बसवलं होतं. ते गप्प बसतं किंवा गावाच्या सुरात सूर मिसळतं. आणि जिथे मधला पैसा खरोखर खाल्ला जातो, हंगामाच्या शेवटी शेतकऱ्यांचे पैसे बुडवून व्यापारी पसार होतो, तिथेही त्याला आधी काही ओळखता येत नाही. चोख व्यवहार करणारे आणि पळून जाणारे, दोघांना गाव एकाच नावाने शिव्या घालतं. यात नुकसान चोख व्यवहार करणाऱ्यांचं आहे, म्हणजे तुमचंच.

कांद्याच्या मालकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. बंदी लागली त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या दोन मुलांना त्यांच्या फर्मने सांगितलं, ‘आता काम नाही, घरी जा, प्रमाणपत्र पाठवून देऊ.’ अहो, काम तर तेव्हाच सुरू झालं होतं! बंदराकडे निघालेल्या गाड्यांचं काय करायचं, आगाऊ घेतलेले पैसे कसे फिरवायचे, अधिसूचनेतल्या कुठल्या कलमाखाली कुठला माल सुटतो, परदेशातल्या गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं. सरकारच्या एका कागदाने बाजार कसा हलतो हे शिकायला असा महिना पुन्हा मिळणं कठीण. आणि मिळू नये, हेही खरं.

विद्यापीठांना वेगळं पत्र लिहावं लागेल, पण एक गोष्ट तुमच्यामार्फत पोहोचू शकते. एमबीएची मुलं उन्हाळी प्रशिक्षणाला मे-जूनमध्ये येतात. तेव्हा द्राक्षाचं पॅकहाऊस धुऊन-पुसून कुलूपबंद झालेलं असतं. मग ती मुलं ‘निर्यातदारांसमोरील अडचणी’ या विषयावर प्रश्नावली भरून घेतात आणि गेल्या वर्षीच्या अहवालातली पहिली वीस पानं जशीच्या तशी उतरवतात. मार्गदर्शक प्राध्यापक एकदा येतात, पाहुणचार घेतात, सही करून जातात. तुम्ही महाविद्यालयांना लेखी कळवा की द्राक्षासाठी मुलं हवीत ती जानेवारीत. मेमध्ये पाठवणार असाल तर हिशेबाच्या कामासाठी पाठवा, कारण पट्ट्या येण्याचा काळ तोच.

यावर तुम्ही म्हणाल, हिशेब हाती येईपर्यंत जानेवारीची मुलं निघून गेलेली असतात, त्यांना पट्टी दाखवायची कशी? माल फेब्रुवारीत निघाला तर पोहोचायला मार्च, विकायला आणखी काही दिवस, पैसे त्याच्याही नंतर. अडचण खरी आहे, पण उपाय तुमच्या कपाटात आहे. प्रत्येक मुलाला गेल्या हंगामातल्या एका कंटेनरची पूर्ण फाईल द्या. प्लॉटच्या नोंदणीपासून सुरुवात, मग प्रयोगशाळेचा अहवाल, अॅगमार्क, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, तापमानाचा आलेख, तपासनीसाचे फोटो, क्लेमचा पत्रव्यवहार आणि शेवटी पट्टी. शेतकऱ्याचं आणि खरेदीदाराचं नाव काळ्या पेनने झाका. मुलाला सांगा, यातला एकेक रुपया कुठून कुठे गेला ते मला समजावून सांग. तो सांगेल त्या दिवशी प्रमाणपत्रावर सही करा, त्याआधी नको. सकाळचं पॅलेट मोजणं चालू राहू द्या, तेही शिकायचंच आहे. संध्याकाळी फाईल.

आणि या हंगामातही त्याने लोड केलेल्या एका कंटेनरचा क्रमांक त्याच्या वहीत लिहून द्या. जूनमध्ये त्याचा हिशेब आला की एक ईमेल टाका. तेव्हा तो मुलगा परीक्षा देत असेल, नोकरी शोधत असेल किंवा बापाबरोबर खरड छाटणीनंतरच्या काड्यांची विरळणी करत असेल, पण तो ईमेल तो वाचेल याची खात्री मी देते.

२०२३-२४ साली देशातून सुमारे ३.४ लाख टन ताजी द्राक्षं बाहेर गेली, आणि त्यातली बहुतेक आपल्या राज्यातली. एवढ्या मालामागे कंटेनरची फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू शकणारी माणसं किती आहेत, हे तुम्हीच मोजा. १९९१ साली उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली, तेव्हा त्या पिढीला शिकवायला कुणी नव्हतं. ठेचकाळत शिकली. तुम्ही त्यांच्यातलेच, किंवा त्यांच्यानंतरचे. तुमच्यानंतर हा धंदा चालवायचा आहे तो आज लेबलं मोजणाऱ्या या मुलांनीच.

यंदाच्या जानेवारीत कुणी एकाने जरी माडीवरच्या त्या खोलीचं दार उघडलं, तरी पत्र पोहोचलं असं मी समजेन. फाईल लावून द्यायला मदत लागली तर आमच्यासारखी कागदपत्रं बघणारी माणसं तुमच्या प्रत्येक ऑफिसात आहेत. त्यांना फक्त सांगा.



आपली नम्र,
निर्यात कागदपत्र विभागात काम करणारी एक माजी इंटर्न
नाशिक